रात्री नऊची गोळी

अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम हा रक्त गोठवणारा ऑटोइम्यून आजार. शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच रक्तातल्या प्रथिनांवर उठते आणि शिरांत, धमन्यांत गुठळ्या होऊ लागतात. लंडनच्या ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ साली या आजाराची नीट मांडणी केली. बहुतेक रुग्ण रोज एक गोळी घेऊन वर्षानुवर्षं ठीक राहतात, संसार करतात, नोकरी करतात. शंभरात एकापेक्षाही कमी जणांच्या वाट्याला मात्र त्याचं भयंकर रूप येतं. आठवड्याभरात तीन किंवा अधिक अवयवांतल्या बारीक रक्तवाहिन्या एकापाठोपाठ एक बंद पडतात. हे रूप रोनाल्ड ॲशरसन यांनी १९९२ साली वेगळं काढून दाखवलं. अशा रुग्णांची आंतरराष्ट्रीय नोंदवही २००० सालापासून ठेवली जाते. तिच्यातल्या दर तिघांपैकी एकाहून अधिक रुग्ण दगावले आहेत.

पुढे दिलेला क्रम कोणा एका बाईचा नाही. नोंदवहीत पुन्हा पुन्हा दिसणारी लक्षणं, औषध अंगातून उतरायला लागणारा वेळ आणि प्रथिनांबद्दल प्रयोगशाळांनी दिलेली माहिती यांवरून तो लावला आहे. बाई, तिचं गाव आणि तिच्या रिपोर्टांतले आकडे प्रातिनिधिक आहेत. प्रथिनांचं जे घडतं ते खरं आहे, आणि ते सगळं आधी घडतं. बाहेरून काही दिसेपर्यंत आतलं बरंचसं उरकलेलं असतं.

सोमवार, रात्री ९. शून्याला १६८ तास

सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. बाईचं वय ४१. दोन वर्षांपूर्वी डाव्या पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली, तेव्हा पुण्यात आजाराचं निदान झालं. त्याच्या कितीतरी आधी दोनदा गर्भ गेला होता. त्या वेळच्या फाइलमध्ये व्हीडीआरएल चाचणी किंचित पॉझिटिव्ह, म्हणजे गुप्तरोगाचा संशय, आणि पुढची पक्की चाचणी निगेटिव्ह अशी नोंद आहे. व्हीडीआरएलमध्ये बैलाच्या हृदयातून मिळवलेला कार्डिओलिपिन नावाचा फॉस्फोलिपिड वापरतात, आणि या आजारातल्या अँटिबॉडी त्यालाही चिकटतात. ती नोंद तेव्हा कुणी पुढे वाचली नाही.

आता ती रोज रात्री नऊला वॉरफरिन घेते. महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप, तपासते, आकडा वहीत लिहिते. शेवटचा आकडा २.६, म्हणजे हव्या त्या २ ते ३ च्या मध्ये.

खालची दाढ किडून मुळाशी पू झाला आहे. संध्याकाळी दातांच्या दवाखान्यात तिला सांगितलं गेलं, ‘‘ताई, ती रक्त पातळ व्हायची गोळी आजपासून बंद ठेवा. शनिवारी दाढ काढू.’’

नऊ वाजता ती डबी हातात घेऊन बसली आहे. ‘‘अहो, पुण्याच्या डॉक्टरांना एकदा विचारायचं का?’’

‘‘शनिवारपर्यंतचाच तर प्रश्न आहे. रक्त थांबलं नाही म्हणजे?’’

डबी फडताळात परत जाते. दोघांच्या बोलण्यात निष्काळजीपणा कुठेच नाही. रक्त वाहत राहील ही भीती सगळ्यांनाच कळते. गोठत राहील ही भीती कळायला आजार समजावा लागतो, आणि तो समजावून सांगायला बाह्यरुग्ण विभागात कुणाला पुरेसा वेळ मिळत नाही.

मंगळवार, सकाळी ९. शून्याला १५६ तास

आज काहीच होत नाही. वॉरफरिनचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ४० तास लागतात. आपल्याकडे बरेच रुग्ण अ‍ॅसिनोकुमरॉल घेतात. ते याहून खूप लवकर उतरतं, म्हणजे तिथे ही सगळी उलटी मोजणी आणखी आखूड.

वॉरफरिनच्या गोळीने रक्त पाण्यासारखं पातळ होत नाही. तिचं काम यकृतात चालतं आणि ते एका रासायनिक खुणेपुरतं असतं. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी चार, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन आणि फॅक्टर ७, ९, १०, यकृतात तयार झाल्यावर लगेच कामाची नसतात. त्यांच्या सुरुवातीच्या टोकाला ग्लुटामिक आम्लाच्या ठरावीक जागा असतात. प्रोथ्रॉम्बिनमध्ये अशा १०. तिथे एक एन्झाइम कार्बन डायऑक्साइडचा एकेक रेणू जोडतं. आपण श्वासातून बाहेर टाकतो तोच वायू. जोडणी झाली की त्या जागेवर एकाऐवजी दोन ऋण भार येतात आणि ती चिमट्यासारखी कॅल्शियमला धरते. कॅल्शियमच्या आधाराने प्रथिन जखमी पेशीच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं. एवढी जोडणी झाली नाही तर तेच प्रथिन, तेवढंच प्रथिन रक्तात फिरत राहतं, पण त्याला कुठे पकड घेता येत नाही.

या जोडणीला व्हिटॅमिन के लागतं. कोपनहेगनचे हेन्रिक डाम १९२९ पासून कोंबडीच्या पिल्लांवर काम करत होते. काही विशिष्ट आहारावर पिल्लांना रक्तस्राव होई, आणि त्यातूनच हे जीवनसत्त्व सापडलं. डाम आणि एडवर्ड डॉइझी यांना त्यासाठी १९४३ चं नोबेल मिळालं. पण व्हिटॅमिन नेमकं करतं काय, हे कळायला १९७४ उजाडलं. स्वीडनचे योहान स्टेनफ्लो आणि इतर दोन गटांनी प्रोथ्रॉम्बिनमधली ही बदललेली ग्लुटामिक जागा शोधून काढली. म्हणजे त्याआधीची वीस वर्षं माणसांना वॉरफरिन दिलं जात होतं आणि ते कुठल्या अणूपाशी काम करतं हे कुणालाच माहीत नव्हतं.

हे औषधही गुरांच्या मरणातून आलं. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात १९३३ च्या फेब्रुवारीत एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताने भरलेली दुधाची बरणी घेऊन, बर्फाच्या वादळातून मॅडिसनला कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. गुरांनी खाल्लेल्या खराब झालेल्या स्वीट क्लोव्हर चाऱ्यातून लिंक यांच्या गटाने डायकुमरॉल वेगळं केलं. वॉरफरिन त्याच कुळातलं. आधी ते उंदरांसाठी विकलं गेलं, १९५४ पासून माणसांसाठी. ते व्हिटॅमिन के-ला वापरानंतर पुन्हा कामाला लायक होऊ देत नाही. एन्झाइम जागेवर असतं, पण त्याच्या हाताला व्हिटॅमिन लागत नाही.

बाईला तिच्या पुण्याच्या डॉक्टरांनी मेथी, पालक रोज साधारण सारख्याच प्रमाणात खायला सांगितलं आहे ते यासाठीच, पालेभाजीतलं व्हिटॅमिन के कमी-जास्त होऊ नये म्हणून.

बुधवार, पहाटे ३. शून्याला १३८ तास

यकृताच्या पेशीत अडवलेलं चक्र सुटायला लागतं. सगळ्यात आधी सावरतो फॅक्टर ७. त्याचं रक्तातलं अर्धायुष्य जेमतेम सहा तासांचं, त्यामुळे जुना बिनखुणेचा साठा झपाट्याने संपतो आणि खुणा केलेला नवा माल त्याची जागा घेतो. प्रोथ्रॉम्बिनचं अर्धायुष्य ६० तासांच्या वर, ते सावकाश येईल.

गोठणं थांबवणाऱ्या प्रोटीन सी आणि प्रोटीन एस या दोन प्रथिनांनाही हीच खूण लागते. म्हणजे यकृत एकाच जोडणीतून रक्त गोठवणारे आणि ते आवरणारे, दोन्ही गट तयार करतं. या अँटिबॉडी नसलेल्या माणसात गोळी थांबली की दोन्ही बाजू हळूहळू जाग्यावर येतात आणि सहसा काही बिघडत नाही. या बाईच्या रक्तात आवरणाऱ्या गटाच्या कामात अँटिबॉडी अडथळा आणतात. तिच्यापुरता हा समतोल आधीच मोडलेला आहे.

गुरुवार, दुपारी २. शून्याला १०३ तास

शेवटची गोळी पोटात गेल्याला आता जवळपास पावणेचार दिवस झाले. तपासला असता तर आयएनआर १.६ च्या आसपास आला असता. तपासलेला नाही. ती शाळेतून मुलाला आणते, गाल शेकते, जेवण एका बाजूने चावते.

तिच्या अँटिबॉडी ज्याच्यावर रोखलेल्या आहेत त्या प्रथिनाचं नाव बीटा-२ ग्लायकोप्रोटीन १. पाच खंडांचं. आपल्या सगळ्यांच्या प्लाझ्मात ते भरपूर असतं, दर मिलिलिटरमागे सुमारे २०० मायक्रोग्रॅम. पाचव्या खंडाने ते ऋण भाराच्या फॉस्फोलिपिडांना चिकटतं. पहिल्या खंडावर, ३९ ते ४३ या जागांच्या आसपास, एक छोटा पट्टा आहे. सगळ्यात घातक अँटिबॉडी त्याच पट्ट्याला धरतात. रक्तात मोकळं फिरताना तो पट्टा झाकलेला असतो आणि प्रथिन पृष्ठभागावर बसलं की उघडा पडतो, असं एक मत. रक्तातला त्याचा मूळ आकार गोल मिटलेला की लांबट, यावर रचनाशास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे. एवढं मात्र बहुतेकांना मान्य आहे की अँटिबॉडी अंगात असूनही वर्षानुवर्षं काही होत नाही, कारण नुसत्या अँटिबॉडी पुरेशा नसतात. दुसरा धक्का लागतो.

दुसरा धक्का तिच्या दाढेच्या मुळाशी आहे.

शुक्रवार, रात्री ९. शून्याला ७२ तास

ताप १०१. जबड्याखाली गाठ लागते. नोंदवहीतल्या जवळपास निम्म्या घटनांच्या आधी कुठलातरी संसर्ग झालेला दिसतो. त्वचेचा, मूत्रमार्गाचा, छातीचा, कधी अगदी किरकोळ वाटणारा.

पू म्हणजे मुख्यतः न्यूट्रोफिल, जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी. जंतू मारायला त्या ऑक्सिजनची अतिशय क्रियाशील रूपं सोडतात. ती जंतूंपुरती राहत नाहीत, भोवतालच्या प्रथिनांनाही लागतात. बीटा-२ ग्लायकोप्रोटीनच्या पाचव्या खंडात, २८८ आणि ३२६ या जागांवर दोन सिस्टीन आहेत. त्यांच्या गंधकाच्या टोकांवर हायड्रोजन असेल तर ती मोकळी असतात. ऑक्सिडेशन झालं की हायड्रोजन जातो आणि दोन गंधक एकमेकांना जोडले जातात. सिडनीच्या स्टीव्हन क्रिलिस आणि बिल जियानाकोपोलस यांच्या गटाने २०११ च्या सुमारास मोजून दाखवलं की निरोगी माणसांत मोकळ्या टोकांचं रूप अधिक असतं आणि या रुग्णांत जोडलेलं. जोडलेल्या रूपाकडे प्रतिकारयंत्रणेचं लक्ष अधिक जातं.

दोन हायड्रोजन अणू. मला या सगळ्या हकिगतीत हाच भाग सर्वांत हादरवणारा वाटतो. प्रथिनाचा क्रम तोच, जनुक तेच, प्रमाण तेच. दोन अणू गेले आणि आपलं प्रथिन परकं ठरायला लागलं.

ऑक्सिडेशनचा आणखी एक बळी आहे. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर थ्रॉम्बोमोड्युलिन नावाचं प्रथिन असतं, ते प्रोटीन सीला कामाला लावतं. त्याच्या ३८८ व्या जागेवरच्या मेथिओनिनला ऑक्सिजन चिकटला की त्याची ताकद घटते. आवरणारी बाजू अशी आणखी दुबळी होते.

शनिवार, सकाळी ११. शून्याला ५८ तास

दाढ निघते. रक्त पाच मिनिटांत थांबतं. सगळ्यांना हायसं वाटतं. आयएनआर आता १.२ च्या घरात असणार, म्हणजे वॉरफरिनचं संरक्षण जवळजवळ संपलेलं.

याच खुर्चीत दुसऱ्या पद्धतीने हेच काम झालं असतं. साध्या दाढेसाठी वॉरफरिन थांबवू नये, असं अनेक देशांतल्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आदल्या दिवशी आयएनआर तपासायचा. तो ४ च्या आत असेल तर दाढ काढायची, खड्ड्यात रक्त थांबवणारा स्पंज भरायचा, टाका घालायचा, ट्रॅनेक्सॅमिक आम्लाच्या पाण्याने हलक्या गुळण्या सांगायच्या आणि पेशंटला तासभर बसवून ठेवायचं. हिरडीतलं रक्त दाबून धरता येतं, डोळ्यांना दिसतं. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी गोळी थांबवावीच लागली तर या आजारात मधल्या दिवसांत हेपारिनची इंजेक्शनं देऊन खिंड भरतात, आणि तो निर्णय रक्ताच्या किंवा संधिवाताच्या डॉक्टरांनी करायचा असतो. एक खबरदारी दुसऱ्या बाजूचीही आहे. दातांसाठी सर्रास दिलं जाणारं मेट्रोनिडॅझोल वॉरफरिनचा परिणाम खूप वाढवतं, म्हणून त्या दिवसांत आयएनआर पुन्हा बघावा लागतो. हे सगळं मिळून एक फोन आणि दोन रक्ततपासण्या.

शनिवार, रात्री ९. शून्याला ४८ तास

ती गोळी पुन्हा सुरू करते. अगदी वेळेवर, नऊ वाजता. पण वॉरफरिन यकृतात नव्याने तयार होणाऱ्या प्रथिनांनाच अडवतं. आधीच खुणा होऊन बाहेर पडलेला प्रोथ्रॉम्बिन अजून कितीतरी तास रक्तात फिरणार आहे. पूर्ण संरक्षण यायला पाच दिवस. उलट सुरुवातीच्या दिवसांत आठ तासांचं अर्धायुष्य असलेलं प्रोटीन सी आधी खाली जातं. फडताळातून काढलेली ही गोळी आज तिच्या काहीच कामाची नाही.

यकृतातली खूण आणि ऑक्सिडेशन यांच्यानंतरचा तिसरा बदल जबड्यात वेगाने चालू आहे. न्यूट्रोफिलच्या केंद्रकात डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. हिस्टोनवर आर्जिनिनचे धन भार, डीएनएवर ऋण, म्हणून घट्ट पकड. पॅड-४ हे एन्झाइम आर्जिनिनचं सिट्रुलिन करतं. वजनात जेमतेम एका डाल्टनचा फरक, पण धन भार जातो. पकड सुटते, डीएनए उलगडतो आणि पेशी फुटून त्याचे धागे बाहेर फेकले जातात. जंतू त्यात अडकतात. बर्लिनच्या मॅक्स प्लांक संस्थेत आर्टुरो झिकलिन्स्की यांच्या गटाने २००४ साली हे जाळं पहिल्यांदा दाखवलं. बॉस्टनच्या डेनिसा वॅग्नर यांच्या गटाने २०१० साली दाखवलं की त्याच धाग्यांवर प्लेटलेट आणि लाल पेशी अडकून गुठळी उभी राहते. मिशिगनच्या जेसन नाइट यांच्या गटाने २०१५ साली या आजाराच्या रुग्णांतल्या अँटिबॉडी निरोगी माणसांच्या न्यूट्रोफिलांना दिल्या, तर त्यांनीही जाळी सोडली.

सिट्रुलिन पहिल्यांदा १९१४ साली जपानमध्ये कलिंगडाच्या रसातून मिळालं होतं. आज संधिवाताच्या पेशंटची अँटि-सीसीपी चाचणी करतात ती सिट्रुलिन झालेल्या प्रथिनांवर उठलेल्या अँटिबॉडीच शोधते. सांध्यात वर्षानुवर्षं चालणारा आजार आणि आठवड्यात जीव घेणारा आजार, दोन्हींत हा एकच बदल हजर आहे.

रविवार, सकाळी ६. शून्याला ३९ तास

अंघोळीला जाताना तिला मांड्यांवर निळसर-जांभळ्या रेषांची जाळी दिसते. थंडीने अंगावर उमटते तशी, पण ऊन पडलं तरी जात नाही. उजव्या पायाची दोन बोटं गार आणि टोकाला काळपट. तीन दिवस भाजी जास्त खाल्ली म्हणून असेल, असं घरात कुणीतरी म्हणतं.

इथे तिन्ही बदल एका ठिकाणी येतात. पृष्ठभागावर बसलेल्या बीटा-२ ग्लायकोप्रोटीनला अँटिबॉडी जोडीजोडीने धरते. खालची अस्तराची पेशी आणि शेजारच्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी चेतवल्या जातात आणि टिश्यू फॅक्टर हे गोठणं सुरू करणारं प्रथिन बाहेर काढतात. टिश्यू फॅक्टरला हवा असतो फॅक्टर ७, खूण झालेला, पकड घेऊ शकणारा. गेल्या सोमवारपर्यंत तो पुरेसा मिळत नव्हता. आता हवा तेवढा आहे. फॅक्टर ७ मुळे १० जागा होतो, १० मुळे थ्रॉम्बिन तयार होतं, थ्रॉम्बिनमुळे फायब्रिनचे धागे, आणि ते धरून ठेवायला न्यूट्रोफिलांची जाळी आयती. बंद होतात त्या सगळ्यात बारीक वाहिन्या.

पहिला अवयव: त्वचा.

सोमवार, पहाटे २. शून्याला १९ तास

डोकं फुटेल असं दुखतं. संध्याकाळपासून लघवी एकदाच, थोडी, गडद. नवरा शेजाऱ्यांकडून बीपीचं मशीन आणतो. १८० वर ११०.

दुसरा अवयव: मूत्रपिंड. नोंदवहीत ७० टक्क्यांहून अधिक रुग्णांत ते सापडतं, इतर कुठल्याही अवयवापेक्षा जास्त. गाळणीच्या बारीक वाहिन्या मिटल्या की मूत्रपिंड रक्तदाब वाढवून स्वतःकडे रक्त ओढू पाहतं. दाब वाढतो, रक्त पोचत नाही.

सोमवार, सकाळी १०. शून्याला ११ तास

जिल्ह्याच्या गावच्या एका रुग्णालयात रिपोर्ट येतात. हिमोग्लोबिन ९.१. प्लेटलेट ६२ हजार, दीड लाखाच्या वर हव्यात. क्रिएटिनिन ३.१. आयएनआर १.३. एपीटीटी, म्हणजे नळीतलं रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी दुसरी चाचणी, ७१ सेकंद, कंट्रोल ३०.

याच कागदावर अनेकदा घात होतो. प्लेटलेट कमी, एपीटीटी दुप्पट. शिकवलेल्या सगळ्या हिशेबांनी याचा अर्थ रक्त गोठत नाही, हेपारिन देऊ नका. या आजारात अर्थ उलटा. परीक्षानळीत गोठण्यासाठी बाहेरून फॉस्फोलिपिड घालतात. अँटिबॉडी तेच व्यापून बसतात, म्हणून नळीतलं रक्त उशिरा गोठतं. शरीरात तेच रक्त गोठत सुटलेलं असतं. प्लेटलेट कमी दिसतात, कारण त्या गुठळ्यांत खर्च झाल्या. कॉनली आणि हार्टमन यांनी ल्युपसच्या दोन पेशंटांमध्ये नळीतला हा विचित्र उशीर १९५२ सालीच लिहून ठेवला होता.

रक्ताचा थेंब काचेवर पसरून पाहणारी तंत्रज्ञ मात्र एक ओळ स्वतःहून जोडते: तुटलेल्या लाल पेशी दिसतात. अर्धवट मिटलेल्या वाहिनीतल्या फायब्रिनच्या धाग्यांमधून घुसताना पेशी चिरल्या जातात. शिरस्त्राणासारखे, त्रिकोणी, अणकुचीदार तुकडे. त्या एका ओळीने ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर थबकतो आणि बाईला विचारतो, रोजची गोळी कुठली? ती कधी थांबली होती? नवरा वही पुढे करतो. शेवटची नोंद २.६, पुढचं पान कोरं.

सोमवार, दुपारी ३. शून्याला ६ तास

रुग्णवाहिका खंबाटकी ओलांडून पुण्याकडे चालली आहे. ऑक्सिजन ९१ टक्के. डॉक्टरने पुण्याला फोन करून ठेवला आहे. त्याने ‘प्लेटलेट कमी आहेत’ एवढंच न सांगता आजाराचं नाव, गोळीची तारीख आणि तुटलेल्या पेशी हे तिन्ही सांगितलं. या दिवसातला सगळ्यात मोलाचा फोन हाच.

सोमवार, रात्री ९. शून्य

ऑक्सिजन ८२. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी. तिसरा अवयव. व्याख्या पूर्ण होते: आठवड्याच्या आत तीन अवयव, बारीक वाहिन्यांतल्या गुठळ्या, रक्तात अँटिबॉडी. घशात नळी घालून तिला व्हेंटिलेटरवर घेतलं जातं. थ्रॉम्बोटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक परप्युरा या दिसायला सारख्या आजारासाठी रक्त तपासणीला जातं, पण रिपोर्टची वाट पाहत कुणी थांबत नाही.

शून्यानंतर २ तास

शिरेतून हेपारिन सुरू. एपीटीटीवर त्याचा डोस ठरवता येत नाही, तो आधीच लांबलेला आहे. म्हणून अँटि-टेन-ए ही वेगळी चाचणी वापरतात. हेपारिनला यकृतातल्या खुणेशी काही देणंघेणं नाही. तयार झालेल्या थ्रॉम्बिनला आणि फॅक्टर १० ला ते थेट अडवायला मदत करतं, म्हणून काही मिनिटांत लागू पडतं. सोबत मिथाइलप्रेडनिसोलोन एक ग्रॅम आणि जबड्यातल्या संसर्गासाठी अँटिबायोटिक. दाढेच्या खड्ड्यातून पू काढून घेतला जातो. धक्का जिथून आला ती जागा साफ केल्याशिवाय बाकी सगळं अपुरं.

शून्यानंतर ९ तास

प्लाझ्मा एक्सचेंज. मशीन तिचा प्लाझ्मा काढून दात्यांचा घालतं. त्याबरोबर अँटिबॉडी जातात, बदललेलं ग्लायकोप्रोटीन जातं, कॉम्प्लिमेंट या प्रतिकारयंत्रणेच्या पेटलेल्या भागाचे रेणू जातात. दात्यांच्या प्लाझ्मातून प्रोटीन सी आणि अँटिथ्रॉम्बिन येतं. नोंदवहीचं २०१८ साली छापलेलं विश्लेषण सांगतं: रक्त न गोठण्याचं औषध, स्टिरॉइड आणि प्लाझ्मा एक्सचेंज किंवा इम्युनोग्लोब्युलिन हे तिन्ही मिळालेल्यांत मृत्यू २९ टक्क्यांच्या आसपास, यांपैकी काहीच न मिळालेल्यांत ७५ टक्के. एवढा फरक औषधांनी पडत असेल तर ती वेळेत सुचणं हाच अर्धा उपचार. कॉम्प्लिमेंट रोखणारं एक्युलिझुमॅबही काही रुग्णांत उपयोगी पडलेलं आहे, पण आपल्याकडे ते बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचं.

शून्यानंतर ७२ तास

प्लेटलेट ९४ हजार. तीन एक्सचेंज झाले. डायलिसिस चालू. झोपेचं औषध कमी केल्यावर ती नवऱ्याला बरोबर ओळखते, डावा हात मात्र उचलत नाही. एमआरआयत मेंदूत बारीक बारीक ठिपके. चौथा अवयव शून्याच्या आसपासच गेला असणार, नळीखाली झोपलेल्या माणसात तो कळला नाही.

नववा दिवस

व्हेंटिलेटर निघाला. पायाच्या एका बोटाचं टोक जाईल, दुसरं वाचेल. वॉरफरिन पुन्हा सुरू होतं, पण या वेळी हेपारिन न थांबवता. प्रोटीन सी आधी आणि प्रोथ्रॉम्बिन उशिरा खाली येतं, ते मधले दिवस हेपारिनने सांभाळायचे. नवरा विचारतो, हल्ली रक्ततपासणी न लागणाऱ्या गोळ्या निघाल्या आहेत, त्या चालतील का? ‘‘या आजारात नाही, दादा,’’ डॉक्टर सांगतात. इटलीत रिव्हरोक्सॅबनची चाचणी २०१८ साली मुदतीआधी थांबवावी लागली होती, कारण या आजाराच्या तिन्ही प्रकारच्या अँटिबॉडी असलेल्या रुग्णांना त्या गोळीवर झटके आणि गुठळ्या जास्त होत होत्या.

चौदावा दिवस

आयएनआर काल २.१, आज २.४. हेपारिनची सुई निघते. डायलिसिस आठवड्यातून दोनदा चालू आहे. लघवी वाढते आहे, क्रिएटिनिन रोज थोडं उतरतं. मूत्रपिंड किती परत येईल ते तीन महिन्यांनी कळेल. दाढेचा खड्डा आज पुन्हा बघायचा आहे, त्यासाठी दातांच्या डॉक्टरांना वॉर्डातच बोलावलं आहे.